मागच्या खुर्च्यांपासून सुरुवात

मस्कत, २० नोव्हेंबर २०१६

रोजनिशीच्या सवयीमुळे तारीख टाकल्याशिवाय मला काही लिहिता येत नाही. गौरव अंकाच्या संपादकांनी तीनदा आठवण करून देऊनही मी गप्प राहिले, त्याबद्दल प्रथम सर्वांची क्षमा मागते. कारण लेखाच्या ओघात येईलच.

आमचे पाळक रेव्हरंड वसंत अमोलिक यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. नाताळनंतर ते निवृत्त होऊन पुण्याला परततील. त्यांना मी प्रथम पाहिले ते विमानतळावर. मंडळीतर्फे आम्ही पुष्पगुच्छ घेऊन उभे होतो. साहेब (पाळकांना आम्ही साहेबच म्हणतो) बाहेर आले ते एका घाबरलेल्या केनियन मुलीची बॅग ओढत. तिचे नाव लिडिया. घरकामासाठी ती त्याच विमानाने आली होती आणि तिला न्यायला कोणी आले नव्हते.

“साहेब, गाडी चुकीच्या जागी लावलीय. दंड होईल,” गायकवाडकाका म्हणाले. काका आमच्या मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ.

“मग गाडी हलवा. मी आहे इथेच.”

लिडियाच्या मालकांचा ड्रायव्हर येईपर्यंत साहेब हलले नाहीत. गुच्छ तोवर पार माना टाकून बसला होता. “असा पाहुणा पहिल्यांदाच पाहिला, स्वागताआधी कामाला लागला,” काका पुटपुटले.

ज्यांना आमची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इथल्या रुवी भागातल्या चर्चच्या आवारात अनेक भाषांच्या मंडळ्या एकच सभागृह तासांनी वाटून घेतात. सुट्टी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारी. सकाळी नऊची सोयीची वेळ आम्हा मराठी मेथडिस्टांची. आफ्रिकेतल्या घरकाम करणाऱ्या बायकांना दुपारची वेळ होती. पण शुक्रवारचे दुपारचे जेवण म्हणजे मालकांच्या घरी सगळा गोतावळा जेवायला. त्या वेळी त्यांना कोण सोडणार? लिडियाने हे सांगितल्यावर साहेबांनी समितीपुढे प्रस्ताव ठेवला: नऊची उपासना दोन्ही मंडळ्यांनी मिळून करायची.

“त्यांच्या ढोलापुढे आपली गीतं ऐकू यायची नाहीत,” काका म्हणाले.

“काका, आपल्या ढोलकीबद्दल गोरे मिशनरी हेच म्हणायचे. माझ्या आजोबांना ते फार लागलं होतं. गावाने वेशीबाहेर ठेवलेलं, आणि देवाच्या घरात आले तर ढोलकी बाहेर!”

ठराव झाला.

पहिल्या शुक्रवारी आम्ही सवयीने पुढे बसलो. बायका सवयीनेच शेवटच्या रांगेत, दाराशी. साहेब आले, सगळ्यांकडे पाहिले, वाचनाचा स्टँड उचलला आणि सभागृहाच्या मागच्या टोकाला, लिडियाच्या समोर नेऊन ठेवला. “सलाम. खुर्च्या फिरवून घ्या.” एवढेच. रागाचा सूरही नव्हता. खुर्च्यांचा मोठा खडखडाट झाला. पहिल्या रांगेतले काका शेवटचे झाले. “आज उशिरा येणाऱ्यांची चंगळ,” म्हणून तेच आधी हसले. पुढे लिडियाच्या ढोलावर त्यांचा डावा पाय सर्वांत आधी हलू लागला, हेही नोंदवते.

साहेबांचा दुसरा स्वभाव अगदी घरगुती. माझ्या यजमानांचे ऑपरेशन झाले तेव्हा ते अल् घुब्राला, आमच्या घरी, बसने पेज घेऊन आले. पेज अळणी होती. “मीठ राहिलं, प्रार्थना राहिली नाही,” म्हणाले. यजमान टाके सांभाळत हसले. घरात कित्येक दिवसांनी कोणी हसले होते.

आता माझ्या गप्प राहण्याचे कारण. साहेब जाणार म्हटल्यावर समितीत कुजबुज सुरू झाली, की नव्या वर्षापासून नऊची वेळ पुन्हा आपली एकट्यांची करावी. मते समसमान आहेत. चिटणीस म्हणून माझे मत तेवढे बाकी आहे. काका, नवल म्हणजे, एकत्र उपासनेच्या बाजूने आहेत. साहेबांनी मला एका शब्दानेही विचारलेले नाही.

गेल्या शुक्रवारी उपासनेनंतर चहाचे कप धुताना लिडियाने इथे शिकलेल्या हिंदीत विचारले, “मॅडम, न्यू इयर के बाद भी नौ बजे?”

मी “देखेंगे” म्हटले. तिने मान हलवली आणि पुढचा कप घेतला. दुखावायचे नाही कोणाला, असे मी स्वतःला समजावत होते. पण ‘कोणाला’ म्हणजे आपल्याच माणसांना, हे मी ठरवलेच होते की. हा लेख लिहायला बसले की ते “देखेंगे” आड येई. ज्यांनी खुर्च्या फिरवायला लावल्या त्यांचा गौरव, आणि माझी खुर्ची होती तिथेच.

साहेबांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, पुण्यातही त्यांना एखादे सभागृह आणि हलवता येईल असा स्टँड मिळो. पाळकीणबाईंनी मात्र पेजेवर लक्ष ठेवावे.

उद्याचे काम: समितीला माझे मत एकत्र उपासनेच्या बाजूने कळवणे आणि आवाराच्या कार्यालयात जाऊन शुक्रवारची नऊची वेळ दोन्ही मंडळ्यांच्या नावे पक्की करणे.