गुडघ्यातलं माप

धाकट्या भावानं आईच्या गुडघ्यांसाठी गरम पाण्याचा भलामोठा टब बालाघाटच्या घरी पाठवला. अंगणात बसवलाही, पण त्याचा काठ आईच्या कमरेला लागत होता! चढायचं कसं? म्हणून लाकडी पायऱ्या करायला सुतार बोलावला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

कानावर पेन्सिल, खिशात टेप; पण त्यानं दोन्हींना हात लावला नाही. कोपऱ्यातल्या विटा रचून वर फळी ठेवली आणि आईला म्हणाला, "माय, पाय ठेव बरं."

आईनं पाय उचलला. "आई गं!"

त्यानं एक वीट काढली. पुन्हा "आई गं!" आणखी एक काढली.

"अहो, टेपनं मोजा ना," मी वैतागले.

"टेप खिशात हाय, ताई. माप मायच्या गुडघ्यात हाय."

मी सांगितलेल्या तीनऐवजी पाच पायऱ्या झाल्या. सागवानाच्या, गोल घासलेल्या कडांच्या, पाणी निथळायला फटी ठेवलेल्या. टब भरला, वाफा निघाल्या, आणि मला तर धीरच धरवेना! आईचा हात धरायला धावले, तर त्यानं अडवलं.

"एकटीले चढू द्या."

आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभा राहिला. एक पायरी, दोन, तीन, चार, पाच. मग पाणी डुचमळलं.

"काही ऐकू आलं का, ताई?"

"नाही हो, काहीच नाही!"

"मंग जमलं," तो भिंतीलाच म्हणाला.