आईच्या हातची आखणी

नव्याण्णव साली पेणच्या एसटी स्टँडजवळ सायबर कॅफे निघालं आणि मी आणि दादा रोज सकाळी तासभर तिथे जाऊन बसू लागलो. मी मुंबईच्या एका पेपरची साइट उघडायचे. दादा अमेरिकेतल्या मराठी लोकांच्या चर्चा वाचायचा, इंग्रजी अक्षरांतलं ते मराठी बोट ठेवून लावायचा आणि उत्तरंही टाकायचा. मी म्हणायचे, "रिकामटेकड्यांची बडबड ही." तो म्हणायचा, "तुझ्या बातम्या उद्या पेपरात येणारच हायत." मला माझ्या बातम्यांचा माज होता, खोटं कशाला बोलू?

आमचा गणपतींचा कारखाना. मूर्तीचे डोळे फक्त आई आखायची. अंघोळ करून, चहासुद्धा न घेता बसायची, आणि ती उठेपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरचा नियम.

त्या मे महिन्यात अमेरिकेतल्या एका मंडळाचे गृहस्थ मूर्ती बघायला आले. आई आखणीला बसली होती. तिच्यासमोरच म्हणाले, "डोळे मशीनने करता ना? चर्चेत वाचलं. आम्हाला हाताचे हवे होते." आईनं कुंचला खाली ठेवला. मी त्यांच्यावर तुटून पडणार, तोच दादा पुटपुटला, "मीच लिवलं व्हतं. हाताचं काम म्हटलं का लोकांना वाटतं, माल वेळेवर येणार नाय."

असा संताप आला! बावीस वर्षं आईनं उपाशीपोटी केलेलं काम यानं एका ओळीत मशीनला देऊन टाकलं. मी तडक कॅफेत जाऊन त्याच चर्चेत खरं काय ते लिहिलं. उत्तरं भराभर आली. पुरावा काय? सगळेच कारखानदार असं सांगतात. कुणी हसलंसुद्धा. मेल्यांनो, पेणला येऊन बघा की!

आई पुन्हा आखणीला बसली नाही. "त्यालाच करू दे," एवढंच म्हणाली. दादानं जुन्या एक्स-रेच्या फिल्ममध्ये डोळ्यांचे आकार कापले आणि ती मूर्तीवर धरून रंगाचा स्प्रे मारला. गिऱ्हाइकं मूर्ती परत आणतील याची मी वाट बघत होते. एकानंही काही विचारलं नाही.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझ्याच साइटवर आमच्या स्प्रेवाल्या मूर्तीचा फोटो आला. खाली लिहिलेलं, वृद्ध आईच्या हातून या डोळ्यांत प्राण येतात. बातमीदाराला हे दादानंच सांगितलं होतं, आता त्याला ते सोयीचं होतं. आणि बातमीदारानं आईला एक शब्द विचारला नव्हता. मी फोटोचा प्रिंट काढून घरी आणला, आईपुढे आदळला, दादाला नको ते बोलले, पेपरवाल्यांनाही.

आई भाजी निवडत होती. चष्मा जवळ नव्हता. तिनं विचारलं, "डोळे कसे दिसतात गो?"

मी नीट पाहिलं. चांगले दिसत होते. मला फरक कळत नव्हता, आणि आई उत्तराची वाट बघत होती.