परदेशी भावजयीचं लांबलेलं ओऽऽ

कपाट आवरताना परवा जुन्या वहीत एक यादी सापडली: वडील गेले त्या सकाळी कुणाकुणाला फोन करायचे त्याची. सगळ्या नावांपुढे खूण होती, फक्त परदेशी भावजयीच्या नावापुढे नव्हती. आटपाडीच्या घरी अंगण भरलं होतं आणि येणारी प्रत्येक बाई गल्लीच्या वळणापासूनच हेल काढून रडत येत होती. वडिलांचं जास्त झालं म्हणून भाऊ आदल्या दिवशीच विमानात बसलेला, म्हणून भावजयीला मीच फोन लावला, स्पीकरवर, आणि इंग्रजीत सांगितलं. पलीकडून लांबलचक ‘ओऽऽ’ आलं आणि फोन बंद झाला. आदल्या वर्षी इथे आली तेव्हा कोकरू बघून ती अशीच ‘ओऽऽ’ म्हणाली होती, ठेचा खाऊनही. ‘‘काय म्हणली गं? रडली का न्हाई?’’ आत्यानं विचारलं. खूण न करताच मी यादीतलं पुढचं नाव बघू लागले. ‘‘परकी ती, तिला कशाचं रडू?’’ आत्याच पुढे म्हणाली. तेवढ्यात सकाळपासून डोळ्यांना पदर लावून बसलेली आई बोलली, ‘‘आवं वन्सं, हेल हाय की तिच्या आवाजात. रडलीया ती.’’ मी पुढचा नंबर लावला. परवा तिच्या नावापुढे खूण केली, तेव्हा ध्यानात आलं: त्या दिवशी घरात न रडलेली मी एकटीच होते. हातात यादी होती, म्हणून कुणी विचारलं नाही.