मावशींच्या विहिरीच्या पायऱ्या

मला माझं काम उत्तम येतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी सपशेल तोंडावर आपटले आहे.

हिंजवडीतल्या एका ऑफिसात मी पाण्याची मॉडेलं बनवते. पाऊस एवढा पडला तर ओढ्याला किती पाणी येईल, जमिनीखाली किती राहील, याचा अंदाज कॉम्प्युटरवर बांधायचा. मूळची मी लातूरकडची, टँकरमागे घागर घेऊन पळालेली. राहते नांदे गावात, मावशींच्या आठ खोल्यांपैकी एका खोलीत. मावशी म्हणजे घरमालकीण. बरीचशी शेती विकून झालेली, उरलेल्या दीड एकरात भाजी, आणि ती भाजी, आठ खोल्या अन् घर सगळं परसातल्या एका दगडी विहिरीवर. मावशींचा आवाज असा की ओढ्यापलीकडचं कुत्रंही गप्प बसतं.

त्यांच्या मुलाला वर आणखी एक मजला चढवायचा होता. स्लॅबवर खांबांच्या सळया काढूनच ठेवल्या होत्या. वरच्या खोल्यांना पाणी लागणार म्हणून विहिरीशेजारी दोन बोअर घ्यायचे ठरत होते. मावशींचा जीव मात्र विहिरीत अडकलेला. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर दारातच अडवलं.

"तू पान्याचं शिकलीस ना गं? मग सांग की. बोअर घेतलं तर माजी हीर आटंल का?"

आता योगायोग असा, की ऑफिसने मला घराशेजारचाच ओढा दिला होता. रस्त्याखालच्या मोरीजवळ पातळीची पट्टी लावलेली. रोज सकाळी आठला, ऑफिसची बस पकडण्याआधी आणि सुट्टीच्या दिवशीही, मी तिचा फोटो काढायची. मॉडेलला काही कळा असतात: माती किती शोषते, खडकात किती मुरतं, मुरलेलं किती दिवसांनी ओढ्यात परत येतं. त्या फिरवत बसायचं, कॉम्प्युटरमधला ओढा खऱ्या ओढ्यावर बरोब्बर बसेपर्यंत. माझा तर असा बसला होता की दोन रेघा वेगळ्या दिसेनात. एप्रिलमध्येसुद्धा ओढा वाहता, आणि मॉडेलमध्येही वाहता. पाऊस नसताना ओढा वाहतो म्हणजे जमिनीखालून पाणी येतंय, सरळ आहे.

"मावशी, खुशाल घ्या बोअर," मी म्हणाले. "खाली पाणी भरपूर आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "बघ हां, पोरी. तुज्या शब्दावर घेतीया." मुलाने त्याच संध्याकाळी फोन केला. पुढच्या सोमवारी बोअरची गाडी येणार.

त्यानंतर दोनच दिवसांनी अमावस्या होती. मी दुधाची पिशवी द्यायला त्यांच्या घरात गेले, तर मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने चौदा लिहीत होत्या.

"हे काय?"

"पायऱ्या. हिरीच्या. चौदा उघड्या पडल्यात."

त्यांच्या सासूबाई प्रत्येक अमावस्येला विहिरीवर जाऊन उघड्या पायऱ्या मोजायच्या. सासूबाई गेल्यावर मावशींनी ते चालू ठेवलं, फक्त लिहायला लागल्या. चौदा झाल्या की भाजीचं पाणी निम्मं आणि भाडेकरूंना आंघोळीला दोनच बादल्या, हा घरचा कायदा. नवं कॅलेंडर आलं की जुन्यावरच टांगायचं, त्याच खिळ्याला. मी पानं उलटत गेले. वर्षामागून वर्षं, बारा-बारा आकडे. अहो, लोक अशा आकड्यांसाठी दारोदार फिरतात! आणि मी त्या खिळ्यापासून वीस पावलांवर झोपत होते.

त्या आठवड्यात ऑफिसमध्ये बसून मी मॉडेलला विहीर विचारली. मॉडेल म्हणालं, एप्रिलअखेर सहा पायऱ्या उघड्या असतील. मावशींचं कॅलेंडर म्हणत होतं चौदा.

पहिली शंका कुणावर घेतली असेन? मावशींवरच, अर्थात! मोजताना चुकत असतील, वय झालंय. रविवारी सकाळी टेप घेऊन मी स्वतः विहिरीत उतरले. कोरड्या, उघड्या पायऱ्या चौदा. पाण्याखाली चार. मावशी वरून बघत होत्या.

"किती भरल्या?"

"चौदा."

"मग मी काय इतकी वरसं भजी तळत व्हते का?"

विहीर खरी, मग ओढ्यात पाणी कुठलं? तशीच ओल्या पायांनी ओढ्याच्या कडेने वर चालत निघाले. तिसऱ्या वळणावर वास आला, कपड्याच्या साबणाचा. वरच्या अंगाला एक मोठी सोसायटी आहे. तिच्या मागच्या भिंतीतून जाड पाइप बाहेर आलेला, त्याखाली पांढरा फेस. आणि पुढच्या गेटला बाहेरून पाणी आणणाऱ्या टँकरची रांग.

घरी येऊन मी पट्टीचे जुने फोटो पुन्हा उघडून बसले. दर रविवारी सकाळी आठला पातळी खाली. ते मला आधीही दिसलं होतं, पण पट्टी वाचताना चुकले असेन म्हणून सोडून दिलं होतं. कसली चूक! रविवारी सोसायटीतले हिंजवडीवाले उशिरा उठतात, आंघोळी उशिरा होतात. मी महिनोन् महिने लोकांचं आंघोळीचं पाणी मोजलं आणि त्याला जमिनीखालचा झरा समजले. कळा इतक्या आहेत की खोट्या पाण्यावरही मॉडेल गोड बसतं. लाजेने कान तापले माझे.

पण रडत बसायला वेळ नव्हता, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. उन्हाळ्यातलं ते टँकरचं पाणी वजा केलं आणि मॉडेलला सांगितलं, आता ओढा आणि विहीर दोन्ही सांभाळायचं. ओढ्याची रेघ थोडी हलली, पहिल्यासारखी चिकटून बसेना. पण विहिरीच्या पायऱ्या मात्र वर्षामागून वर्ष जुळत गेल्या. मग त्यात दोन बोअर टाकून पाहिले. पुढच्या होळीच्या सुमाराला अठराही पायऱ्या उघड्या.

संध्याकाळी मायलेक ओट्यावर बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं, "मी चुकले. बोअर घेऊ नका. विहीर आटेल."

मुलगा भडकला. "तुमीच म्हनालात ना, पानी भरपूर हाय? आता शब्द फिरवताय व्हय?"

"हो, फिरवतेय. तेव्हा मी फक्त ओढ्याला विचारलं होतं. विहिरीला विचारलंच नव्हतं."

तो आईकडे वळला. "आणि मजला? सळया काय शोभेला ठेवायच्या?"

मावशींनी मान वळवून विहिरीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "गाडीवाल्याला फोन लाव. नगं म्हनावं." मुलगा उठून आत गेला, आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मलाही फार वाईट वाटलं. सळयांकडे बघवत नसे. मावशींनी त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घातले.

पण मे महिन्यात टँकरवाल्यांनी चार दिवस संप केला. सोसायटीतली माणसं बाटल्यांचे खोके वाहून नेत होती. दुसऱ्या दिवशी मी आठला मोरीवर गेले, तर पट्टी बुडापर्यंत कोरडी. ओढाच नव्हता. नुसते दगड आणि त्यावर सुकलेला फेस. मागून मावशी आल्या, हातात विहिरीवरून भरलेली कळशी. त्यांनी वाकून ओढ्यात बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्याच्या जिवावर माजी हीर घालवायला निघालीवतीस व्हय गं?"

मी "हो" म्हणाले आणि कोरड्या पट्टीचा फोटो काढला.