डॅशबोर्डमागची गळती

सदा गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. कुणीतरी सकाळी टाकलेल्या गुलाबाच्या फुलाखाली ओळ होती, 'आपला सदा आज गेला. हार्ट ॲटॅक.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही हात जोडले, फोन पालथा ठेवला आणि चहा घेतला. बायकोनं विचारलं, जाणार का? मी म्हटलं, बघू. आठ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो... आणि पुण्यात अबोला धरला की तो नीट निभवावा लागतो. त्या दिवशी मी गेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मी फारसा चांगला दिसणार नाही.

सदानंद आणि मी पाचवीपासून एका बाकावर. तो कसबा पेठेतला, मी शनिवारातला. दहावीनंतर त्यानं आयटीआयला फ्रीज दुरुस्तीचा कोर्स केला, मी इंजिनियरिंग करून कॉम्प्युटरकडे वळलो. पुढे बाजार खुला झाला, रस्त्यावर नव्या नव्या गाड्या आल्या आणि त्यांच्यात एसी आले. तेव्हा पेठेत गाडीच्या एसीला हात लावणारं कुणी नव्हतं. सदानं कुठून तरी इंग्रजी माहितीपुस्तकं पैदा केली आणि डिक्शनरी घेऊन माझ्या घरी बसून ती वाचून काढली. अर्थ मी सांगायचो, पण कळायचं त्याला. कसब्यातल्या एका बोळाच्या तोंडाशी त्यानं दुकान थाटलं. दुकान म्हणजे एक गाडी आत मावेल एवढी खोली. त्याचा एक नियम होता. गळती सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही. जोडांवर ब्रशनं साबणाचा फेस लावून तो तासन्‌तास बघत बसायचा, कुठे बुडबुडा येतो ते. गळती बुजवली तरी लगेच गॅस नाही. पाइपातली हवा ओढून घेऊन गाडी रात्रभर तशीच ठेवायची, आणि सकाळी दाबाच्या मीटरचा काटा जागचा हलला नसेल तरच पुढचं काम. गिऱ्हाइकं वैतागायची. नुसता गॅस भरून द्या हो, म्हणायची. त्यावर सदाचं उत्तर ठरलेलं असे, 'फुटक्या माठात पाणी भरायचं असेल तर पुढच्या गल्लीत जा. तिथं हसून भरून देतात.'

माझी पहिली गाडी सेकंडहँड होती, तीही त्यानंच पारखून दिलेली. नगर रस्त्यावरच्या आयटी कंपनीत मला बरी नोकरी लागली, आम्ही वाघोलीला फ्लॅट घेतला आणि आईला तिकडे नेलं. 'मुलानं मला पुण्यातून उचलून नगरात नेऊन टाकली,' असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. गाडी बारा वर्षांची झाली होती तेव्हा आईच्या गळ्याचा आजार निघाला. डॉक्टरांनी रेडिएशनच्या तीस बैठका सांगितल्या. रविवार सोडून रोज, आणि सुरू केलं की मधे खंड पडता कामा नये, असं दोनदा बजावलं. आई त्याला शेक म्हणायची. पहिल्या आठवड्यातच गळ्याची कातडी भाजल्यासारखी लाल झाली. महिना एप्रिलचा. वाघोलीहून शहरात यायला दीड तास. घामाचा एक ओघळ गळ्यावर उतरला की ती डोळे मिटून घ्यायची... आणि नेमका तेव्हाच गाडीचा एसी गरम हवा फेकायला लागला.

मी सदाला बोलावलं. तो आला तेव्हा आई सोफ्यावर बसली होती. तिनं त्याच्यासमोरच मला सांगितलं की गाडीत गारवा असेल तर मी येईन, नाहीतर उद्यापासून माझा शेक बंद. भाड्याच्या गाडीत बसणार नाही, तिथं वासानं उलटी होते. खरं तर तिला उपचार सोडायला निमित्तच हवं होतं. ते मलाही दिसत होतं आणि सदालाही. त्यानं गाडी नेली, संध्याकाळी परत आणली, आणि आईला म्हणाला, 'काकू, झालं काम. एका जोडातून जात होता. आता पावसाळ्यापर्यंत बघायला नको.'

एसी खरंच गार चालला. सदा मात्र त्यानंतर आठवड्यातून दोनदा सकाळी सातला दारात उभा राहायला लागला. नगर रस्त्याला एक गिऱ्हाईक आहे, जाता जाता काकूंना बघून जातो, म्हणायचा. खांद्याला कापडी पिशवी. किल्ली मागून घ्यायचा, पट्टा बघतो म्हणून खाली जायचा आणि वीस मिनिटांनी येऊन पोहे खायचा. माझ्या बायकोच्या हातच्या पोह्यांसाठी वीस किलोमीटर स्कूटर हाणणारा पहिला माणूस, अशी मी त्याची थट्टा करायचो. तो हसायचा. आईच्या तीसच्या तीस बैठका पूर्ण झाल्या. शेवटच्या दिवशी तिनं गाडीत एसीच्या जाळीपुढे तळहात धरला आणि म्हणाली, 'सदाचे हात चांगले आहेत हो.' त्यानंतर सदानं मला दोन-तीनदा सांगितलं, चार दिवस गाडी माझ्याकडे सोड. कशाला, म्हटलं, चाललीय की. मग पाऊस सुरू झाला, एसीची गरज उरली नाही, आणि मी ते विसरून गेलो. पुढच्या उन्हाळ्यात एसी पुन्हा गरम हवा फेकायला लागला, पण आता आईला रोज न्यायचं नव्हतं, गाडी जुनी झाली म्हणत मी काचा खाली करून भागवलं.

आईला त्या शेकानं दीड वर्ष मिळालं. ते बरं गेलं. ती आंबे खाऊ शकली, नातीचं बारसं तिनं केलं. मग आजार उलटला आणि ती गेली. तिच्यामागून दोनच महिन्यांनी मी गाडी विकायला काढली. घेणाऱ्यानं ती एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तपासून घेतली. तिथल्या माणसानं डॅशबोर्ड खोलून मला आतली कूलिंग कॉइल दाखवली. सडून तिची चाळण झाली होती. ही काही आजची गळती नाही साहेब, तो म्हणाला, दोनेक वर्षांची तरी असेल, कुणीतरी तुम्हाला नुसता गॅस भरून चालवलंय... मी तिथून तडक कसब्यात गेलो. सदाच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर मी त्याला म्हणालो, की जगाला फुटका माठ शिकवतोस आणि आईच्या आजारपणात मलाच गंडवतोस, तूही त्यातलाच निघालास. सदानं हातातला पाना खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'बरोबर आहे तुझं.' एवढंच. त्या तीन शब्दांना मी कबुली समजलो. बाहेर पडलो तो आठ वर्षं तिकडे फिरकलो नाही. वाटेत दिसला की मी रस्ता ओलांडायचो. तो ओलांडायचा नाही, तिथंच उभा राहायचा. हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

तेराव्यानंतर बायकोनं मला जवळजवळ ढकलूनच पाठवलं. सदाचं घर दुकानाच्या वरच आहे. शोभावहिनी दुकानातच होत्या, सामान आवरत. बसा म्हणाल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून त्या जुन्या भांडणाचं काढलं, चूक त्याची असली तरी मी एवढं ताणायला नको होतं, असं काहीबाही. वहिनी थांबल्या.

'म्हणजे तुम्हाला अजून माहीत नाही?'

मग त्यांनी सांगितलं ते असं. कॉइल गेलीय हे सदाला त्या पहिल्याच दिवशी कळलं होतं. नवी कॉइल मुंबईहून यायला दहा-बारा दिवस, वर डॅशबोर्ड उतरवून बसवायला तीन दिवस. तोवर काकूंच्या बैठका बुडल्या असत्या, आणि एकदा सोडल्यावर त्या परत गेल्याच नसत्या. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यानं फुटक्या माठात पाणी भरलं. दर तीन-चार दिवसांनी गॅस उडून जायचा, म्हणून पिशवीत गॅसचा डबा घालून तो वाघोलीला यायचा. नगर रस्त्याला गिऱ्हाईक नव्हतंच. मला का नाही सांगितलं, असं विचारायचं माझ्या ओठावर होतं, पण उत्तर मला ठाऊक होतं. आईनं एकदा डोळ्यांत बघून विचारलं असतं, तर मी सगळं सांगून टाकलं असतं. आईपुढे मला खोटं बोलता येत नाही, हे आमच्या अख्ख्या वर्गाला माहीत होतं.

'पण नंतर? आई गेल्यावर तरी सांगायचं त्यानं.'

'मी म्हटलं होतं यांना, जाऊन सांगून या,' वहिनी म्हणाल्या. 'तर म्हणाले, अगं, त्याची आई गेलीय. त्याला कुणावर तरी चिडायला हवंय. डॉक्टरवर चिडला, देवावर चिडला, तर ते मिटायचं कसं? माझ्यावर चिडू दे. आमचं काय, कधीही मिटेल.'

वहिनी चहा टाकायला वर गेल्या. मी त्या खोलीत एकटा बसलो. भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले पाने, कोनाड्यात साबणाची वाटी, तिच्यात वाळून कडक झालेला ब्रश. मला घामाच्या धारा लागल्या होत्या, म्हणून वर बघितलं, तर छताला पंखा नव्हता. साधा टेबल फॅनही कुठे नव्हता. चहा घेऊन आल्यावर वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, यांनी कधी लावूच दिला नाही. वाऱ्यानं साबणाचा फेस वाळतो, मग बारीक गळती दिसत नाही. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या गार करणारा माझा मित्र या भट्टीत बसला होता, आणि इतक्या वेळा इथं येऊनही मी एकदासुद्धा वर बघितलं नव्हतं.

चहा झाला तरी मला उठवेना. वहिनींनी दार पुढे ओढलं आणि म्हणाल्या, बसा हवं तेवढा वेळ. मी बसून राहिलो, सदाची माफी कशी मागायची याचे शब्द जुळवत.