एक माप मोठ्या बांगड्या

माझ्या लग्नाच्या बांगड्या भरायला कासारीण रहिमतपुरातल्या आमच्या घरी आली, तेव्हा थोरली बहीण स्वयंपाकघरातच थांबली. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. दाजी, म्हणजे तिचे यजमान, ट्रकवर ड्रायव्हर. ते सांगलीला दवाखान्यात पडून होते, आणि त्यांच्याकडून एचआयव्ही तिलाही झाला होता. घरात तिचं ताट वेगळं ठेवलेलं. वेगळं काढणारी मीच. बारावीपर्यंत शिकले होते, पण अक्कल तिथल्या तिथेच.

कासारीण तोंडाची तिखट. म्हणाली, "थोरली कुठं हाय? नवरीच्या भनीचा हात मोकळा ऱ्हाऊन कसं चालंल?"

बहीण दारात आली. "मावशी, मला नगं. काच फुटली तर रगत यील. मला एड्सचा रोग हाय."

आईने कपाळाला हात लावला. लपवण्यासाठी आम्ही काय काय सोंगं केली होती, आणि हिने एका दमात सगळं सांगून टाकलं. मला तिचा भयंकर राग आला.

कासारणीने आपले दोन्ही हात उजेडात धरून उलटसुलट पाहिले. "माज्या हाताला कुठं चीर न्हाई. रोज इतक्या बायांचं हात धरती, म्हनून नर्सबाईला इचारून ठिवलंया. नवराबायकूत हुतंय, दुसऱ्याला टोचल्याल्या सुईनं हुतंय, आईकडनं बाळाला हुतंय. रगत रगताला लागलं तर हुतंय. हात धरून न्हाई हुत. बस अशी."

घट्ट चुडा भरण्यात तिची ख्याती होती. हात दाबून असं माप बसवायची की बाया कळवळायच्या. बहिणीला मात्र तिने मुद्दाम एक माप मोठ्या दिल्या. त्या अलगद चढल्या.

बहीण रडायला लागली. म्हणाली, "चार म्हैन्यांत आज कुनीतरी हात धरला." मी समोरच बसले होते, नव्या चुड्याचे हात मांडीवर ठेवून.

पुढे सहा महिन्यांत दाजी गेले. बांगड्या फोडायला बायकांनी तिला मधे बसवलं खरं, पण पुढे कुणी होईना. काच लागेल, रक्त येईल. ती नवऱ्यासाठी रडत होती आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या मनगटांवर. मला लाज वाटली. मी पुढे झाले, तिचा हात हातात घेतला आणि एकेक बांगडी ओढली. ती इतकी वाळली होती की सगळ्या सहज निघाल्या. एकही फुटली नाही.

बांगड्या निघाल्या तरी तिने माझी बोटं सोडली नाहीत. हळूच म्हणाली, "आज धरलास व्हय माजा हात."