मागच्या चाकातले तेल

देवापुढचा नंदादीप कधी रिकामा पडू द्यायचा नाही, ही शिकवण माझ्या हातांत इतकी मुरली होती की तेल किती उरले आहे हे मी कधी वाकून पाहतच नसे. सकाळची संध्या आटोपली की बुधली उचलायची आणि दिवा काठोकाठ भरायचा. याच चांगल्या सवयीने मी एकदा माझ्या थोरल्या भावाचा जीव धोक्यात घातला. ती हकीकत सांगतो.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी मुलुंडच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी, माझी पत्नी आणि दादा असे तिघे राहत होतो. दादाचे लग्न झाले नव्हते. आमचे वडील कोकणात भिक्षुकी करीत. ते अकाली गेले तेव्हा दोघांपैकी एकालाच पाठशाळेत ठेवणे घराला झेपणारे होते. दादाने मला पाठशाळेत धाडले आणि स्वतः मुंबईला येऊन साकीनाक्याच्या एका कारखान्यात फिटर झाला. यंत्रे खोलून पुन्हा जुळवणे यात त्याची उमर गेली. पुढे काचबिंदूने त्याची दृष्टी हळूहळू मावळली, आणि पन्नाशी उलटण्याआधीच तो पूर्ण आंधळा झाला. त्याची हत्यारे गोणपाटात बांधलेली आमच्या पलंगाखाली होती.

आठवड्याचे सहा दिवस दादा बाहेरच्या खोलीत रेडिओपाशी बसून काढी. गुरुवार मात्र त्याचा. त्या दिवशी दुपारीच तो बोटांनी चाचपून सदऱ्याला इस्त्री करी आणि संध्याकाळी माझ्या स्कूटरवर मागे बसून डोंगराच्या बाजूला असलेल्या दत्तमंदिरात येई. जाताना चढ, येताना उतार. रिक्षाने जाऊ म्हटले तर त्याला आवडत नसे.

"रिक्षात बसलो की पार्सल झाल्यासारखं वाटतं," तो म्हणे. "स्कूटरवर वारा तरी लागतो. कुठल्या वळणावर आलो ते मला कळतं."

ती स्कूटर मला नंबर लावून, बरीच वर्षे वाट पाहिल्यावर मिळाली होती. पाचसहा वर्षे तिने काही तक्रार केली नाही. मग एका सकाळी तिच्या खालच्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढा काळा थेंब दिसला. गिअरचे तेल कमी पडले तर आतले दाते झिजतात, एवढे मी ऐकून होतो. मी तेलाचा डबा आणला आणि दर शनिवारी पूजा झाली की त्यातले थोडे स्कूटरमध्ये घालू लागलो. गाडी सरळ उभी असली की तेल घालायच्या भोकातूनच ते उलटे बाहेर ओघळे. मला वाटे, वाया जाते आहे. म्हणून मी ती भिंतीला टेकवून तिरकी करीत असे. मग ती आणखी पेलाभर तेल निमूट पिऊन घेई. मला समाधान वाटे. फरशीवरचा डाग मात्र महिन्याभरात तव्याएवढा झाला, आणि डाग वाढला तसा मीही हात सैल सोडून तेल घालू लागलो.

एका गुरुवारी देवळातून परतताना उताराच्या मध्यावर मी मागचा ब्रेक दाबला. पायाला तो लागला, पण चाकाला लागला नाही. पुढे फुलवाल्याचे बाकडे, त्याच्यापाशी दोन बायका उभ्या. मी पुढचा ब्रेक आवळला. गाडी आडवीतिडवी होत बाकड्यापासून हातभर अंतरावर थांबली. दादाचे कपाळ माझ्या पाठीवर आदळले. त्याच्या हातातली प्रसादाची पुडी सुटून खडीसाखर रस्त्यावर सांडली.

"काय रे, काय झालं?" त्याने विचारले.

"काही नाही. दगड आला," मी म्हणालो.

सत्याचे माहात्म्य मुलांना शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य किती सहज निघाले! दादा घाबरेल, म्हणून मी बोललो, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे कारण निराळे होते. मागे बसलेल्या आंधळ्या माणसाला मी नीट आणू शकलो नाही, हे मला कबूल करवत नव्हते.

पुढच्या गुरुवारी मी शाळेत काम असल्याचे सांगितले. त्याच्या पुढच्या गुरुवारी कणकण असल्याचे. दादाने इस्त्री केलेला सदरा तसाच अंगात घालून रात्रीपर्यंतचा वेळ खुर्चीत काढला. तिसऱ्या गुरुवारी त्याने इस्त्री घेतलीच नाही.

"आता गुरुवार बंद," तो माझ्या पत्नीला म्हणाला. "माझं वजन झालंय त्याच्या गाडीला. बोलत नाही बिचारा."

मी दारातच होतो. ते ऐकून आत गेलो. मी त्याच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, "दादा, त्या दिवशी दगड नव्हता. ब्रेक लागला नाही."

"ते मला माहीत आहे रे," तो म्हणाला. "दगड असता तर आधी माझ्या कंबरेला कळला असता. आणि तुझ्या धोतराला महिनाभर तेलाचा वास येतोय. वाट बघत होतो, शास्त्रीबुवा कधी तोंड उघडतात."

"मग विचारलंस का नाहीस?"

"तू सांगितलं का नाहीस?"

पत्नी आतून म्हणाली, "भाऊजी, आता दोघेही पुरे करा. गाडीला काय झालंय ते बघायचं का नुसतं बोलायचं?"

रविवारी सकाळी दादा अंगणात स्टुलावर येऊन बसला. त्याने मला फरशीवरचे तेल बोटावर घेऊन द्यायला सांगितले. ते त्याने अंगठ्याने चोळले आणि हुंगले.

"पेट्रोलचा वास नाही. गिअरचंच तेल आहे. पण टपकतं तिथेच गळतं असं समजू नकोस. वरून कुठून तरी येतं आणि सगळ्यात खालचा बोल्ट बघून टपकतं. आधी अंघोळ घाल तिला."

मी रॉकेलच्या बोळ्याने इंजिनाचा खालचा सारा भाग धुतला आणि कोरड्या फडक्याने पुसला. सोवळ्यातली भांडी पुसावीत तितक्या निगुतीने पुसत होतो, तेव्हा दादा म्हणाला, "लवकर आटप, नैवेद्य दाखवायचा नाहीये तिला." मग त्याने पांढरी भुकटी मागितली. पत्नी म्हणाली, "घरात पांढरी भुकटी म्हणजे माझी रांगोळी."

"मग तीच दे."

"दारातली रांगोळी गाडीच्या पोटाला?"

"गाडी पण दारातच असते ना?"

पत्नी हसली आणि वाटीभर रांगोळी देऊन गेली. मी ती धुतलेल्या भागावर चिमटीने सर्वत्र भुरभुरवली. मग गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, अगदी सावकाश आणि पुढच्या ब्रेकवर, आणि परत येऊन वाकून पाहिले. खालच्या बोल्टाभोवतीची रांगोळी पांढरी होती. क्लचच्या झाकणाभोवतीचीही पांढरी. मागच्या चाकाच्या ड्रमखालून मात्र एक काळी ओली रेघ आली होती आणि रांगोळी चिरीत त्या बोल्टाकडे निघाली होती.

मी ते दादाला सांगितले.

"म्हणजे तेल ड्रममधून येतंय. तिथे एक ऑइल सील असतं, रबराचं कडं. त्याच्या आत तेल, बाहेर ब्रेक. ते गेलं की तेल ब्रेकवर येतं. म्हणून तुझा ब्रेक पायाला लागतो, चाकाला लागत नाही." मग त्याने विचारले, "तेल किती घातलंस?"

"दर शनिवारी थोडं."

"थोडं म्हणजे?"

मी सारे सांगितले: गाडी भिंतीला टेकवून तिरकी करणे, बाहेर ओघळणारे तेल वाया जाऊ न देणे. दादाने आधी कपाळाला हात लावला आणि मग त्याला जे हसू फुटले ते आवरेना.

"अरे देवा! गाडीचा नंदादीप केलास होय! तिरकी करून पाजलंस? ते भोक तेल घालायला आहे, तसंच मापही तेच आहे. गाडी सरळ उभी, तेल भोकाच्या काठाला आलं, की बस. बाहेर आलं म्हणजे ती सांगते, पोट भरलं. तू नाक दाबून पाजत राहिलास. मग ते तेल जाणार कुठे? जिथे सील कच्चं, तिथून वाट काढणार."

पन्नाशी ओलांडलेल्या मला त्या अंगणात पाठशाळेत चुकलेल्या विद्यार्थ्यासारखे वाटले. ज्या यंत्राची रीत मी कोणाला विचारली नाही, त्याला मी माझ्या देवघराची रीत लावली होती. भक्तीत कमी पडू नये एवढेच मला ठाऊक; जास्त होऊ शकते हे कधी मनाला शिवले नव्हते.

पलंगाखालची हत्यारे बाहेर आली. दादाने गोणपाट मांडीवर उलगडले आणि एकेका पान्यावरून बोटे फिरवून त्यांची ओळख पटवून घेतली. आधी मी खालचा बोल्ट काढून सारे तेल पातेल्यात सोडले; ते मापाच्या जवळजवळ दुप्पट भरले. इंजिनाखाली स्वयंपाकघरातला जुना पाट सरकवून मागचे चाक अधांतरी केले. चाक निघाले. ड्रमचा मोठा नट मात्र मला दाद देईना. दादा स्टुलावरून उतरून फरशीवर बसला, पाना चाचपला, माझे हात दोन बोटे मागे सरकवले आणि म्हणाला, "झटका देऊ नको. वजन टाक." नट करकरला आणि सुटला.

ड्रम निघाला तेव्हा आत ब्रेकचे दोन्ही शू, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे, तेलात भिजून काळे झाले होते. दादाने जुने सील बोटाने चाचपले. "हे बघ, आमसूल झालंय वाळून," तो म्हणाला. "तुझ्या तेलाने त्रास वाढवला, पण हे आधीच गेलेलं. सगळं पाप तुझंच नाही."

मी दुपारी जुने सील कागदात गुंडाळून साकीनाक्याला गेलो, नवे सील आणि नवे शू घेऊन आलो. दुकानदाराने पुढे केलेले पहिले सील मी दादाने शिकवल्याप्रमाणे अंगठ्याने दाबून पाहिले. त्याची रबरी कड परत उसळली नाही, म्हणून दुसरे मागितले. "मास्तर, गॅरेज टाकलं काय?" दुकानदार म्हणाला. त्याने माझे धोतर आणि टोपी पाहून मला मास्तर ठरवले होते, आणि ते खरेच होते.

संध्याकाळी आम्ही सील बसवले. आत जाणारी बाजू कोणती, हे दादाने सीलमधली बारीक स्प्रिंग चाचपून ठरवले. ती बाजू तेलाकडे. सील सगळीकडून सारखे आत गेले पाहिजे, एका बाजूने तिरके बसले तर पुन्हा गळणार. मी लाकडाचा तुकडा धरून हातोडीने हलके ठोके देई, आणि प्रत्येक ठोक्यानंतर दादा बोटाचे टोक कडेवरून फिरवून सांगे, "इथे वर आहे... आता इकडे... थांब, अजून केसभर." माझे डोळे शाबूत असून मला तो केसभराचा फरक दिसत नव्हता. मी ठोकत गेलो, तो सांगत गेला. ड्रम पेट्रोलने धुऊन कोरडा केला, नवे शू चढवले, नट घट्ट करून त्यातली पिन वाकवली. शेवटी गाडी पाटावरून उतरवून सरळ उभी केली आणि तेल भोकाच्या काठाला येताच हात थांबवला. डब्यात पुष्कळ तेल शिल्लक राहिले. हात पुन्हा उचलला जात होता. तो मला आवरावा लागला.

सोमवार ते बुधवार मी एकटाच स्कूटर चालवली. ब्रेक लागत होता, फरशी कोरडी होती. गुरुवारी दुपारी दादाकडे पाहिले तर तो खुर्चीत बसलेला, आणि सदरा इस्त्रीशिवाय.

"आज उतारावर मी एकटा जाऊन येतो," मी म्हणालो. "ब्रेक नीट धरला तर पुढच्या गुरुवारी तू."

"एकट्याच्या वजनाने काय कळणार?" तो म्हणाला. "दोघं बसलो तरच कळेल ना. इस्त्री गरम कर."

येताना उताराच्या माथ्यावर मी थांबलो. खाली फुलवाल्याचे बाकडे दिसत होते. मी म्हणालो, "दादा, उतार सुरू होतोय. ब्रेक दाबतो."

"दाब. आणि जे होईल ते सांग."

मी दाबला. चाकाने पकड घेतली, गाडी पावलापावलाने उतरू लागली. मी मोठ्याने सांगत गेलो: लागतोय, धरतोय, आता वळण, आता फुलवाला. दादा एका हाताने माझा खांदा धरून बसला होता. दुसऱ्या हातात प्रसादाची पुडी होती. फुलवाल्यापाशी मी गाडी पूर्ण थांबवली. त्याने पुडी उघडून खडीसाखरेचा एक खडा मला दिला आणि एक स्वतः तोंडात टाकला.

"चल आता," तो म्हणाला. "आणि आता खड्डा आला तर खड्डाच म्हण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संध्या आटोपून बाहेर आलो तर दादा स्कूटरपाशी उकिडवा बसून फरशीवर तळहात फिरवत होता. हात नाकाशी नेऊन त्याने हुंगला, मग माझ्यापुढे धरला. त्या हाताला रांगोळीची थोडी पांढरी धूळ लागली होती, बाकी काही नव्हते.